हुशार, पण अल्पसंतुष्ट

‘अल्पसंतुष्ट’ हा शब्द कुठल्याही मराठी शब्दकोशात सापडतो. त्याच्यापुढे विशेषण म्हणून खूण केलेली असते आणि थोडक्यात समाधान मानणारा, असा काहीसा अर्थ दिलेला असतो. तो कोणी कोणाला म्हणायचा, कोणत्या सुरात म्हणायचा आणि म्हटल्यावर समोरच्यानं लाजायचं की खूश व्हायचं, हे मात्र कोशात नसतं. आमच्या घरात हा शब्द माझ्या प्रगतिपुस्तकातून आला. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षाच्या, सहामाही परीक्षेनंतर वर्गशिक्षिका देवधर बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘हुशार, पण अल्पसंतुष्ट.’ तोपर्यंत लालबागच्या आमच्या चाळीत हा शब्द कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. चाळीत थोडक्यात समाधान मानणारी माणसं पुष्कळ होती, पण त्यांच्यासाठी वेगळा शब्द लागतो असं कोणाला वाटलं नव्हतं.

आमची एकच खोली होती आणि त्या खोलीत खानावळ होती. माझी आई खानावळवाली. तळमजल्यावर आमच्या गावच्या माणसांची एक सामायिक खोली होती. तिथं मालवणाकडची गिरणीतली माणसं पाळीपाळीनं राहायची. पहिल्या पाळीची कामाला गेली की दुसऱ्या पाळीची त्याच वळकट्यांवर झोपायची आणि जेवायला सगळी वर आमच्याकडे यायची. प्रत्येकाचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट वेगळं, त्यावर खिळ्यानं ठोकलेलं नाव. सकाळी भोंग्याच्या आधी आमच्याकडे शेगडी पेटायची आणि भाकऱ्या थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. तांदळाच्या पिठाची भाकरी परातीत थापताना जो ओला, चपटा आवाज येतो, त्याच आवाजात मी झोपेतून उठत असे आणि त्याच आवाजात अभ्यास करत असे. कुळथाची पिठी, तारली मासळीचं तिखट तिकलं, सोमवारी वाटाण्याची उसळ. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. साचाखात्यात काम करणारा माणूस घरीही ओरडूनच बोलतो, कारण दिवसभर शेकडो मागांच्या खडखडाटात दुसरं कोणी ऐकूच शकत नाही. ‘मीठ दे’ हे बाबा अशा आवाजात म्हणायचे की खालच्या मजल्यावरून कोणीतरी मीठ घेऊन वर यावं. या सगळ्यात माझ्या एकटीची अशी जागा नव्हती. बसायला पाट होता, पण जेवणारा आला की तो मला सोडावा लागे, आणि जेवणारा नेहमीच आलेला असे.

हे सांगण्याचं कारण असं, की मला परीक्षा फार आवडायच्या. अभ्यास नव्हे, परीक्षा. परीक्षेत प्रत्येक मुलीला एक अख्खा बाक मिळतो. त्यावर दुसरं कोणी बसत नाही, कोणी भाकरी मागत नाही, कोणी ओरडत नाही. उलट, कोणी बोललं तर त्यालाच बाहेर काढतात. माझ्या मते माणसानं माणसाला द्यावी अशी ही फार मोठी सोय होती. म्हणून मी परीक्षेत चाळीस गुणांपुरतं लिहायची आणि पेन खाली ठेवायची. पास व्हायला पस्तीस लागत. पाच जादा, तपासताना बाईंचा हात आखडला तर असावेत म्हणून. उरलेला वेळ मी नुसती बसत असे. खिडकीतून एक गुलमोहर दिसायचा, एका गिरणीचं धुरांडं दिसायचं, आणि मी दोन्ही हात बाकावर पसरून ठेवून त्यांच्याकडे बघत असे. माझ्या उभ्या वर्षातले ते सर्वांत चांगले तास होते.

देवधर बाईंना हे कळणं शक्य नव्हतं. त्या दादरला राहायच्या. त्यांनी मला सहामाहीनंतर टेबलाजवळ बोलावलं आणि माझा भूगोलाचा पेपर पुढे केला.

“हा प्रश्न तुला येत नव्हता का, शालिनी?”

“येत होता, बाई.”

“आणि हा?”

“तोही येत होता.”

“मग सोडवला का नाहीस?”

“चाळीस झाले होते, बाई.”

बाईंनी पेपर घडी करून ठेवला. त्या रागीट नव्हत्या. मला वाटतं त्या खरोखर दुःखी झाल्या होत्या. त्यांनी लहानपणी कंदिलाखाली बसून अभ्यास केला होता आणि ते त्या आम्हाला अधूनमधून सांगायच्या. “तुला काही व्हावंसं वाटत नाही का गं?” त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हटलं. त्या दिवशी तो शेरा पडला.

प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही लागायची. बाबांना अक्षरं वाचता येत, पण जोडाक्षराशी ते थांबत. त्यांनी ‘अल्प’ ओलांडलं, ‘संतुष्ट’ही ओलांडलं, पण अर्थ लागेना, म्हणून प्रगतिपुस्तक घेऊन खाली गावच्या खोलीत गेले. तिथं तात्या होते. तात्या म्हणजे आमच्या गावच्या मंडळाचे मुख्य. वयानं सगळ्यांत मोठे, रोज संध्याकाळी सगळ्यांना पेपर वाचून दाखवणारे, आणि कोणाचं भांडण, कोणाचं लग्न, कोणाची मयत, सगळ्याचा निवाडा करणारे. तात्यांनी चष्मा लावला, शेरा वाचला आणि सांगितलं, “म्हंजे थोड्यात खूश रवणारा.”

“मगे चांगलाच आसा मा!” बाबा ओरडले. “मगे तेंची तक्रार कसली?”

तात्यांनी चष्मा काढला. “तक्रार नाय. तारीफ असतली.”

“मगे ‘पण’ कित्याक लिवलानी?”

शिकलेल्या माणसांना वाक्यात एक ‘पण’ घातल्याशिवाय चैन पडत नाही, असं तात्या म्हणाले आणि बाबांनी सही केली.

मग तो शब्द चाळीत फिरू लागला. नवीन शब्द आमच्याकडे नवीन भांड्यासारखा वापरला जायचा, म्हणजे सगळ्यासाठी. सकाळी बारीक धार सोडणारा नळ अल्पसंतुष्ट झाला. दुसरी तारली नको म्हणणारा जेवणारा अल्पसंतुष्ट झाला, आणि आईला तोच जेवणारा सगळ्यांत आवडायचा. खानावळवालीच्या दृष्टीनं जगात याहून मोठा गुण नाही. चाळीतल्या एका बाईनं तर सासूशी भांडताना तिला ‘अल्पसंतुष्ट मेली’ म्हटलं, आणि सासूनं तिच्या माहेरच्यांना त्याहून वाईट काहीतरी म्हटलं. फक्त एका ठिकाणी हा शब्द खरोखर शिवी म्हणून वापरला जायचा, ते म्हणजे राजकारण. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. संध्याकाळी नरे पार्कावर नाहीतर कामगार मैदानावर सभा असायची आणि बाबा पाळी सुटली की तोंड धुऊन थेट तिकडे जायचे. मुंबईला गुजरातेबरोबर बांधून ठेवलेलं द्वैभाषिक राज्य तेव्हा चालू होतं. जो कोणी म्हणेल की आता झालं ते झालं, आहे त्यात भागवून घ्या, तो बाबांच्या लेखी अल्पसंतुष्ट. “मुंबयसकट व्हयो!” ते जेवताना ओरडायचे. “बेळगाव व्हया, कारवार व्हया! थोड्यात खूश रवाक आमी काय अल्पसंतुष्ट आसंव?” हे बोलताना त्यांच्या पलीकडे बसून त्यांची मुलगी भाकऱ्या भाजत असायची. त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही, आणि तेव्हा मलाही वाटलं नाही.

माझ्या नातीच्या ऑफिसात आता वर्षातून एकदा तिला विचारतात की पाच वर्षांनंतर तू स्वतःला कुठं बघतेस. ती मला म्हणाली, “आजी, खरं उत्तर दिलं तर नोकरी जाईल.” खरं उत्तर काय, असं मी विचारलं. “इथंच, पण खिडकीजवळ,” ती म्हणाली. मला फार बरं वाटलं. काही गोष्टी रक्तात उतरतात. तिच्या साहेबानं तिच्या फायलीत काय शेरा मारला असेल, याची मला कल्पना आहे, फक्त तो इंग्रजीत असेल.

तुळशीचं लग्न झालं आणि माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा परळच्या रेल्वे वर्कशॉपात कायम नोकरीला, शेजारच्याच गावचा, निर्व्यसनी. त्याच्याबद्दल मला वाईट काही सांगायचं नाही. तो सबंध प्रकरणात एकदाही बोलला नाही आणि त्यामुळे त्याच्या हातून काही चुकलंही नाही. बोलायची ती त्याची आई. ती पहिल्या भेटीतच म्हणाली की आम्हाला शिकलेली सून नको, शिकलेल्या मुलींच्या मागण्या फार असतात, आज पंखा, उद्या वेगळी खोली. बाबा एकदम उठले, फळीवरचं प्रगतिपुस्तक काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. ‘हुशार’ त्यांनी पटकन उरकलं, ‘पण’ गाळला, आणि ‘अल्पसंतुष्ट’ अशा आवाजात म्हटलं की गॅलरीतले लोक आत डोकावले. “शाळेन लिवन दिल्यान हा!” ते म्हणाले. “सरकारी शाळा न्हय, फी भरूची शाळा!” मुलाच्या आईनं त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. तिचं समाधान झालेलं दिसलं. मुलीच्या गरजा कमी आहेत असं दुसऱ्या कुठल्या मुलीच्या बापाला लेखी देता आलं नव्हतं. देवधर बाईंनी दोष म्हणून लिहिलेला शब्द मुंबईच्या लग्नाच्या बाजारात कितीला विकला गेला, हे बाईंना कळलं असतं तर त्यांनी ती नोकरी सोडली असती, असं मला अजूनही वाटतं.

लग्न माघात करायचं असं बोलणं झालं आणि मॅट्रिकची परीक्षा मार्चात होती. म्हणजे माघात शाळा सुटणार आणि परीक्षा राहणार. घरात त्यावर चर्चा झाली नाही, कारण चर्चा करण्यासारखं त्यात कोणाला काही दिसलं नाही. आई पुरुषांसमोर कधीच बोलत नसे. मीही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला काय वाटतंय ते मलाच नीट कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी गावच्या खोलीत सुपारी फोडायचा बेत ठरला. आमच्याकडची रीत अशी की दोन्हीकडची चार माणसं बसतात, देणंघेणं बोलतात, मग मुलीला आत बोलावून सगळ्यांसमोर एकदा विचारतात की बाये, तुझं काही म्हणणं आहे का. मुलगी मान खाली घालून “तुमी म्हणशात तसां” असं म्हणते. मग सुपारी फुटते आणि साखर वाटतात. आईनं साखर एका ताटलीत काढून ठेवली होती आणि ती घेऊन दाराशी उभी होती. मी तिच्या मागे, नव्या पातळात, आत काय चाललंय ते ऐकत होते.

आत माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं. मुलाची आई सांगत होती की खोली लहान आहे, मुलगी पोटमाळ्यावर निजेल. बाबा म्हणाले, निजेल, तिला काय. मुलाचे मामा म्हणाले, दागिना एकच घालू. बाबा म्हणाले, एक पुष्कळ झाला. मुलाची आई म्हणाली, सणाला साडी दरवर्षी जमेलच असं नाही. बाबा म्हणाले, तिला दोन साड्या पुरतात. हे सगळं खरं होतं. मला पोटमाळा चालला असता, दागिना नसता तरी चाललं असतं, दोन साड्यांत मी सुखानं राहिले असते. प्रत्येक गोष्टीला मी दाराआडून मान डोलावत होते. आणि मग मुलाची आई म्हणाली, “आणि ती परीक्षा. ती तिका कित्याक व्हयी?” बाबा हसले आणि म्हणाले, “तिका काय करूची आसा परीक्षा!”

त्याच क्षणी मला राग आला. इतका राग मला आयुष्यात आधी कधी आला नव्हता आणि तो कसा धरायचा हेही मला माहीत नव्हतं. ज्याला थोडंच हवं असतं, त्याचं ते थोडं त्यानं स्वतः निवडलेलं असतं. बाकीचं सगळं सोडून ते एक ठेवलेलं असतं. या माणसांना वाटत होतं की ज्या मुलीला इतकं कमी लागतं तिला त्याहूनही कमी चालेल. मॅट्रिकची परीक्षा म्हणजे पेपरांमागून पेपर. रोज एक अख्खा बाक, रोज कित्येक तास, आणि त्या वेळात मला उठ म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. वर्षभर मी त्याची वाट बघत होते. तेच नेमकं ते काढून घेत होते, आणि तेही हसून.

तात्यांनी मला आत बोलावलं. रीतीप्रमाणे विचारलं, “काय बाये, तुझा काय म्हणणा? तुका काय व्हया?”

“माका मॅट्रिकच्या परीक्षेक बसाचा आसा,” मी म्हणाले.

सुपारी ज्याच्या हातात होती त्यानं ती मुठीत धरली. मुलाची आई समजुतीनं म्हणाली, “बस गो, कोण नाय म्हणता? लगीन झाल्यार पुढच्या वर्षी बघूया.”

“नाय. आदी परीक्षा. मगे लगीन.”

“शालू!” बाबा साचाखात्यातल्या आवाजात ओरडले. “तोंड बंद कर! थोड्यात खूश रवणारा चेडू तू! तुका ह्या असला कोणी शिकवल्यान?”

त्यावर तात्या बोलले. तात्या कधी आवाज चढवत नसत. त्यांनी बाबांकडे बघितलं आणि अगदी सहज विचारलं, “काल मैदानात तू काय वरडत होतंस रे?”

“ता वेगळा!”

“काय वेगळा? तुका सगळी मुंबय व्हयी. बेळगाव व्हया, कारवार व्हया. चेडवान एक परीक्षा मागल्यान, ती तुका जास्त झाली?”

खोलीतले दोघे-तिघे हसले आणि मग बाबांचा चेहरा बघून गप्प झाले. मुलाची आई मात्र हसली नाही. तिनं प्रगतिपुस्तक पुन्हा मागितलं. बाबांनी ते खाली सोबत आणलंच होतं, ते दिलं. तिनं त्या निळ्या अक्षरांवर पुन्हा बोट ठेवलं आणि म्हणाली, “मगे हां लिवल्यानी ता खोटा म्हणायचा?” मी उभी होते आणि मला पक्कं वाटत होतं की आता सगळे मिळून मला समजावतील, मी रडेन आणि शेवटी तुम्ही म्हणाल तसं म्हणेन. मुलाच्या मामांनी दाराकडे बघून म्हटलं, “वैनीनू, पोरगी लहान आसा. तुमी साखर वाटा, बाकीचा मागसून बघू.”

साखर वाटली की ठरलं. ती वाटल्यावर मोडणं म्हणजे दोन गावांचं भांडण, आणि हे त्या मामांना चांगलं माहीत होतं. सगळे आईकडे बघू लागले. आई दारात ताटली घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडेही बघितलं नाही. ताटलीतल्या साखरेकडे बघून म्हणाली, “साखर नाय वाटणंय. सकाळपाळयेक चाय करूची आसा.” आणि ती जिना चढून वर निघून गेली. वरून डब्यात साखर परत ओतल्याचा आवाज खाली सगळ्यांना ऐकू आला.

पाहुणे गेले. जाताना मुलानं मला एकदा बघितलं, त्याचा चेहरा सुटल्यासारखा दिसला असं मला वाटलं, पण तो माझा ग्रह असेल. मी मार्चात परीक्षेला बसले, पास झाले, टपाल खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच खात्यात राहिले. लग्न पुढं यथावकाश झालं, दुसऱ्या माणसाशी, ज्याला माझ्या प्रगतिपुस्तकात रस नव्हता. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. बेळगाव बाहेर राहिलं आणि कारवारही बाहेर राहिलं. बाबा त्याबद्दल शेवटपर्यंत असमाधानी होते आणि ते त्यांनी खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शेवटपर्यंत सांगितलं. माझ्याशी ते त्या रविवारनंतर काही दिवस बोलले नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाच्या घरात तेवढी शांतता कधीच नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडली.

त्या रविवारी संध्याकाळी पहिल्या पाळीची माणसं जेवायला आली. जेवणं झाली, जर्मनची ताटं घासून झाली. मग मी आणि आई शेगडीजवळ जेवायला बसलो. आई नेहमीप्रमाणे तव्यावर उरलेली, कडा करपलेली भाकरी घेऊन बसली होती. मी विचारलं, “आये, तू साखर कित्याक परत घातलंस?”

“तुका इचारल्यानी. तू सांगलंस,” ती म्हणाली. “मगे इचारल्यानी कित्याक?”

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठीत बुडवला. माझ्या मनात आलं ते मी विचारून टाकलं. “तुझी सुपारी फोडल्यानी तेवा तुका इचारल्यानी?”

“माका?” तिला तो प्रश्नच नवा वाटला. “मी तेवा चुलीकडे होतंय. जेवान करत होतंय तेंचा. कोणी इलो नाय इचारूक.”

“आणि इचारल्यानी असता तर?”

आई बराच वेळ चावत राहिली. तिच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. कुठंतरी ठेवलेली वस्तू शोधताना माणूस बघतो, तसं ती भिंतीकडे बघत होती.

“व्हया होता कायतरी,” ती म्हणाली. “आता आठवणा नाय.”